चांगुणाबाईची भिंत

शकूर पेंटरनं लाल रंगाचा डबा उघडला आणि डोकं खाजवलं. "वहिनी, तुमच्या दिरानं सांगितलंय, गिरणीवर नाव त्याचंच पाहिजे. तुमचं लिहून मी माझा धंदा बुडवू का?"

नवरा गेल्यापासून गिरणी चांगुणाबाईच चालवत होती. दळायचा दगड झिजला की छिन्नीनं टाकी तीच मारायची, पिठानं भुवया तिच्याच पांढऱ्या व्हायच्या. आणि नाव दिराचं?

"ब्रश ठेव इथं अन् तू चहा पी," ती म्हणाली.

"अहो, आयुष्यात कधी ब्रश धरलाय का? आधी खडूनं आखून तरी घ्या!"

पण बाईला कुठला दम! पदर खोचला आणि थेट 'पिठाची गिरणी' ठोकून दिलं. एकेक अक्षर पोत्याएवढं. पुढं 'मालकीण' लिहीपर्यंत भिंत संपली.

दीर शेजारच्या ओट्यावरून उठून बघायला आला आणि खदखदून हसला. "कोंबडी नाचल्यासारखी अक्षरं! अन् नावाला जागाच नाही उरली की हो, वहिनी!"

"कोंबडी माझी, भिंतही माझी," म्हणत तिनं डबा उचलला आणि कोपरा वळून गिरणीच्या बाजूच्या भिंतीपाशी गेली. ती भिंत नेमकी दिराच्या ओट्यासमोर. तिथं तिनं आपलं नाव काढलं, जोत्यापासून पत्र्यापर्यंत उंच. वाकडं, ओघळलेलं, पण लालभडक. शकूरचा चहा हातातच गार झाला.

कोपरानं घाम पुसत ती वळली.

"भावजी, आता जाऊन ओट्यावर बसा. तिथून नीट वाचता येतंय का, तेवढं सांगा."