पाच पुरुषांचे रोट

"रोट उरी ग्यात," प्रमिलाबाईने नवऱ्याला सांगितलं आणि भटूचा घास हातातच राहिला.

श्रावणात घरी बसवलेली कानबाई देवी उठून, म्हणजे तिचं विसर्जन होऊन, चार दिवस झाले होते. उद्या पौर्णिमा. त्याआधी तिच्या नैवेद्याचे रोट संपायलाच हवेत, आणि ते खायचे फक्त भाऊबंदांनी. शेजाऱ्यांना द्यायचे नाहीत, टाकायचे तर नाहीतच. रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू घ्यायचे असतात. भटूच्या घरात पुरुष दोन, तो आणि त्याचा मुलगा. रोट मात्र पाच जणांचे झाले होते.

"तुले मोजता येत नही का?" भटू तिसऱ्यांदा खेकसला.

"चुकनं मन्हं," प्रमिलाबाई तिसऱ्यांदा म्हणाली. पर्वत पाटियाच्या त्या गल्लीत कुणाचंही भांडण जुंपलं की तिलाच बोलावणं यायचं. स्वतःवर आळ आला तर मात्र ती कधी वाद घालत नसे.

उरलेले तीन पुरुष भिंतीपलीकडे राहत होते. धाकटा भाऊ वाल्मिक आणि त्याचे दोन मुलगे. भटूच्या मुलीच्या, सोनालीच्या लग्नपत्रिकेत वाल्मिकचं नाव भटूच्या मेव्हण्याखाली छापलं गेलं, तेव्हापासून अबोला. यंदा वाल्मिकने पहिल्यांदाच कानबाई वेगळी बसवली. चूल वेगळी झाली तर चालतं, पण कानबाई वेगळी झाली की भाऊपणच तुटतं. भटूला रात्रंदिवस तेच सलत होतं. पण थोरल्याने आधी कसं जायचं?

शेवटी पोटच म्हणालं, आता पुरे. भटूने ताट उचललं आणि वाल्मिकचं दार वाजवलं. दार लगेच उघडलं. वाल्मिकही ताट घेऊनच उभा होता.

"दादा, आमनी जयश्री बी मोजामा चुकनी. पाच जणसना रोट करी टाकात."

मग दोघे मांडीला मांडी लावून बसले आणि त्यांनी बायकांच्या अकलेचा यथेच्छ उद्धार केला. या दोघींच्या भरवशावर कानबाई सोडायचीच नाही, पुढच्या वर्षी एकच बसवायची आणि गहू आपण दोघांनी मोजायचे, असं ठरलं. जयश्री आणि भटूच्या मागोमाग आलेली प्रमिलाबाई, दोघी जावा तोंडाला पदर लावून ऐकत होत्या.

त्या आत गेल्यावर वाल्मिकने हळूच विचारलं, "दादा, वहिनी अठरा वरीसपासून गोदाममा साड्या मोजस. तिनी चूक कशी हुई?"

"माले पहिला दिनपासून माहीत शे," भटू म्हणाला. "तू खाय गुपचूप."