‘इतर’ या मथळ्याखाली

लोसाला डॉक्टरेट मिळाल्याची मेजवानी होती. निम्मा प्रबंध आत्याने तोंडी सांगितलेल्या माहितीवर उभा, म्हणून पहिली प्रत तिच्याच हातात दिली. आत्या संदर्भसूचीत आपलं नाव शोधू लागली. पुस्तकं संपली, लेख संपले, संकेतस्थळंही संपली. शेवटी ‘इतर’ या मथळ्याखाली, बोटीच्या वेळापत्रकानंतर, नाव सापडलं.

“वर्गवारी सॉफ्टवेअर करतं, आत्या,” लोसा पुटपुटली.

“आणि मी कुठल्या वर्गातली, हे त्याला कोण सांगतं?”

“मी.”

आत्या मानाच्या चटईवरून उठली आणि दारापाशी, सगळ्यात खालच्या मानाच्या जागी, जाऊन बसली. टोंगा बेटांवर आत्याच्या वरच्या जागी बसायची कुणाची टाप नाही. सगळं गणगोत ताटं घेऊन मुकाट्याने अंगणात उतरलं, पाद्रीबुवासुद्धा. लोसा गेली ती थेट कुंपणापाशी. तिथे डुकरांनी सरकून तिला जागा करून दिली.