होल्याच्या पानावरची बोटं

"हात धुतलेस का?" मृण्मयीने मान वर न करताच विचारलं.

हेरंबच्या कपाळाला आठी पडली. सतरा वर्षांच्या संसारात जेवायला बसतानाही तिने त्याला हे कधी विचारलं नव्हतं. पण समोर आठशे वर्षांपूर्वीची पशुपक्ष्यांवरची लॅटिन पोथी होती, आणि ती लिहिणाऱ्या ख्रिस्ती मठातल्या साधूबद्दल, पोथीवर संशोधन करणारी बायको गेली पाच वर्षं उठताबसता बोलत होती.

हेरंबने हात धुतले आणि स्पर्शयंत्र पानांवरून फिरवायला घेतलं. कोणाची बोटं कधी टेकली, तेव्हा त्याचं काळीज कसं धडधडत होतं, सगळं यंत्र सांगे.

होला पक्षी जन्मात एकदाच जोडी जमवतो, असं साधूने एका पानावर लिहिलं होतं. लिहिताना त्याचं काळीज जोरात धडधडत होतं. त्याच ओळीवर मृण्मयीची बोटं नऊशे वेळा टेकली होती, आणि दर वेळी तिचंही तसंच.

हेरंबचा चेहरा पाहून ती हसली. "मेलेल्या माणसावर कसला जळतोस रे?"

"मी? छे!"

ती चहाला गेली, तसं त्याने पाकिटातून एक पत्र काढलं. लग्नाआधी त्यानेच तिला लिहिलेलं. तिच्या जुन्या वह्यांत सापडल्यापासून तो ते जवळच बाळगी. त्याने ते यंत्राखाली धरलं.

कागदावर बोटांची ही गर्दी उमटली. मृण्मयीची दोनदाच, उघडताना आणि घडी घालताना, काळीज अगदी शांत. बाकीची सगळी त्याचीच होती.