मागची भिंत

"तुम्ही हो म्हणालात तरच घण लावतो," गवंडी तिला म्हणाला आणि काकूंच्या स्वयंपाकघरात मागच्या भिंतीपाशी उभा राहिला.

"लाव रे तू. तिला काय विचारायचंय? ओटा माझा, भिंत माझी," काकू म्हणाल्या. पण हातातलं फडकं पिळत बघत होत्या तिच्याचकडे.

ही सगळी घरं तिनं आखलेली. समुद्र खालचं गाव गिळायला लागला, तेव्हा अख्खी वस्ती उचलून उतारावर बसवायचं काम तिच्याकडे आलं होतं आणि तिनं ते जीव ओतून केलं. प्रत्येक दार समुद्राकडे, म्हणजे वारा सरळ आत. पाठ डोंगराकडे, आणि ती भिंत चांगली हातभर जाड, बिनखिडकीची. कारण दुपारी डोंगरावरून भट्टीसारखी झळ उतरते. भर उन्हाळ्यातही इथं कुणाला पंखा आठवत नसे. लांबलांबून माणसं फोटो काढायला यायची. वस्तीनं तिचं नावच 'वारेवाली' ठेवलं होतं.

"या भिंतीला खिडकी पाडलीत तर झळ आत येईल, काकू," ती बोलून गेली. लगेच तिची तिलाच लाज वाटली. आत्याला जाऊन अजून आठवडाही झाला नव्हता.

काकूंच्या घरामागे, उतारावर जरासं वर, आत्याचं घर. आईमागे जिनं तिला लहानाचं मोठं केलं, ती आत्या. खालच्या गावात आत्या आणि काकू समोरासमोर राहायच्या. एकीचं दूध उतू गेलं तर दुसरी तिकडून ओरडायची. इथं आत्याच्या दारासमोर आली ती काकूंची पाठची भिंत. आत्या दारातच पडली होती. दार सताड उघडं. हाक मारली असेल, तर समोरच्या वाऱ्यानं ती तिच्याच घरात परत ढकलली असेल. अख्खा दिवस आणि अख्खी रात्र. भिंतीच्या अलीकडे काकू भाजी निवडत होत्या.

"मी रेडिओ लावला होता गं," काकू म्हणाल्या. सकाळपासून त्यांनी हे कितीदा तरी सांगितलं होतं. "बंद असता तरी काय ऐकू येणार होतं म्हणा. पण लावला होता. रोज संध्याकाळी चक्कर मारायचे मी वर. नेमके त्या दिवशी गुडघे धरले. म्हटलं, उद्या जाऊ."

"तुम्ही सगळे सांगत होतात ना मला? दारं समोरासमोर ठेव म्हणून."

"सांगत होतो? चांगले भांडत होतो! तुझ्या आत्यानंच आमची तोंडं बंद केली. म्हणाली, माझी पोर एवढी शिकलीय, तिला वारा कळतो, तुम्ही गप्प बसा." काकू हसायला गेल्या आणि त्यांनी फडकं डोळ्यांना लावलं. "आणि खोटं कुठं होतं ते? वारा काय झकास येतो घरात."

काकूंनी चार शिव्या हासडल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. दारं समोरासमोर ठेवली तर निम्म्या घरांना वारा मिळणार नाही, असं तिनं तेव्हा ठणकावून सांगितलं होतं. ते आजही चूक नव्हतं, आणि त्यामुळे तर तिला रडावं कुठल्या तोंडानं हेच कळत नव्हतं.

"समोर आता राहतंय कोण, ताई?" गवंडी हळूच म्हणाला. "तरी काकूंचा हट्ट आहे."

"उद्या येईलच की कुणीतरी राहायला," काकू फटकन म्हणाल्या. "मला दिसायला पाहिजे."

"मग सांगा ताई, किती उंचीवर घेऊ?"

तिनं पिशवीतून टेप काढली, भिंतीकडे पाहिलं आणि टेप परत आत टाकली. "काकू, तुम्ही रोज उभ्या राहता तशा ओट्याशी उभ्या राहा. मी आत्याच्या दारात जाऊन बसते. मी हाक मारली की सुरुवात करा, आणि काकूंना मी दिसेपर्यंत फोडत राहा."

घराला वळसा घालून ती चढ चढली. आत्याच्या उंबऱ्यावर बसली. वारा समोरून आला, गार, मोकळा, तिनं कागदावर काढला होता अगदी तसा. समोर काकूंची भिंत उन्हात पांढरीफट्ट.

"करा सुरुवात!" तिनं हाक मारली.

भिंत गप्प.

"काकू! बसलेय मी!" ती ओरडली. मग उभं न राहता, बसल्या जागेवरून, होता नव्हता तेवढा जीव एकवटून पुन्हा ओरडली. घशात कळ आली. शब्द तोंडातून निघत होते आणि वारा ते तिच्या पाठीमागच्या रिकाम्या घरात नेऊन टाकत होता. तिनं आणखी हाका मारल्या. काकूंना मारल्या, मग कुणालाच नाही, नुसत्याच मारल्या.

बऱ्याच वेळानं काकूंचाच धीर सुटला असावा. आतून घणाचा पहिला घाव बसला. प्लास्टर तडकलं, एक दगड हलला, धूळ उडाली. भोक मोठं होत गेलं आणि त्यात आधी काकूंचा हात दिसला, मग धुळीनं माखलेला चेहरा.

वाऱ्याबरोबर त्यांचा आवाज अगदी स्वच्छ तिच्यापर्यंत आला.

"रडू नको गं पोरी. इथून सगळं दिसतंय."