न दिसणारं कार्ड

संजीवनीने वायफायचं कार्ड पुन्हा एकदा खाचेत दाबलं, स्क्रू आवळला आणि कॉम्प्युटर चालू केला. पडद्यावर सगळं आलं. फक्त वायफाय आलं नाही. आठवडा झाला, हेच चाललं होतं. फोनमध्ये नोकरी देऊ करणाऱ्या पुण्याच्या ऑफिसला पाठवायचा मेसेज लिहून तयार होता: ‘मी येते.’ संध्याकाळपर्यंत त्यांना उत्तर हवं होतं. तिने मनाशी ठरवलं होतं, कार्ड चाललं तर आपल्या गावी, उंद्रीतच राहायचं, नाही चाललं तर बॅग भरायची.

ती लग्नाचे व्हिडिओ एडिट करायची. स्टुडिओवाल्यांना काम मॅक नावाच्या महागड्या कॉम्प्युटरवर केलेलं हवं असायचं, आणि खरा मॅक घ्यायची ऐपत कुठली! मग तिने एकेक पार्ट जमवून साधाच कॉम्प्युटर जोडला आणि त्यावर मॅकची सिस्टिम बसवली. याला हॅकिंटॉश म्हणतात. बसवणं सोपं, नांदवणं अवघड. लाडावलेल्या सुनेसारखी ती सिस्टिम. सासरचं वायफाय तिला चालेना, माहेरचंच, म्हणजे मॅकचंच पाहिजे.

मळ्यातल्या घरात तारेचं इंटरनेट येत नाही. फोनचं नेट वायफायवरून कॉम्प्युटरला मिळालं तरच व्हिडिओ पाठवता येतात. म्हणून तिने जुन्या मॅकमधून काढलेलं कार्ड मागवलं. ते दसऱ्याच्या आदल्या दिवशी आलं, रात्रभर टेबलावर राहिलं आणि दसऱ्याच्या दुपारी तिने ते बसवलं. तेव्हापासून हा रुसवा. ड्रायव्हर बदलले, सेटिंग बदलल्या, दुसऱ्या खाचेत बसवून झालं. शेवटी विंडोज टाकून पाहिलं, तर त्यालाही कार्ड दिसेना.

पण खरं सांगायचं तर कार्ड हे निमित्त होतं. सल वेगळाच होता. तिच्या बाबांनी, उत्तमरावांनी, या कामाला कधी काम म्हटलंच नाही. कॉम्प्युटरला ते ‘डबडं’ म्हणायचे. गणपतीत तर चार पाहुण्यांसमोर बोलून बसले, “त्या डबड्याले मी तं हात बी लावणार नाही.” आणि एकदा बोललेलं मागे घ्यायला उत्तमरावांची जीभ काही केल्या वळत नसे.

दसऱ्याची पूजा या घरात तेच करतात. त्यांनी फवारणीचा पंप पुजला, मोटरचं स्टार्टर पुजलं, विळे-खुरपी पुजली. आईच्या शिलाई मशीनलाही हळदकुंकू वाहिलं. मग ताट घेऊन संजीवनीच्या टेबलापाशी आले आणि मान न वळवता तसेच पुढे निघून गेले. तिला ते फार लागलं. खुरप्याला जो मान मिळाला तेवढाही आपल्या कामाला नाही! पुण्याची नोकरी त्याच दिवशी तिच्या मनात शिरली. घरात सांगितलं तेव्हा आई रडली. बाबा नुसतं “बरं” म्हणाले.

आता जाण्याआधी शेवटचं म्हणून तिने मोबाइलवरच्या हॅकिंटॉशवाल्यांच्या ग्रुपवर विचारलं. कुणा अनोळखी माणसाने लिहिलं, कार्डाच्या टोकाच्या, वीज जाणाऱ्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासून बघ. तिला हा उपाय पोरकट वाटला. तरी तिने कार्ड काढलं आणि घासायला घेतलं.

पांढरं रबर पिवळं झालं. सोन्याचा मुलामा निघून आला की काय! तिने रबर डोळ्यांजवळ नेलं. वास ओळखीचा होता. ती हळद होती. ओल्या बोटाने अगदी हलकी लावलेली, वाळून सोनेरी रंगात पार मिसळून गेलेली.

तिने पट्ट्या लख्ख पुसल्या आणि कार्ड बसवलं. पडद्याच्या कोपऱ्यात वायफायची खूण उमटली. यादीत तिच्या फोनचं नाव आलं. एवढ्या खटपटीनंतर खरं तर तिने घर डोक्यावर घ्यायला हवं होतं. ती मात्र रबर मुठीत धरून बाहेर गेली.

उत्तमराव ओसरीवर मिरच्या निवडत बसले होते.

“बाबा, माह्या कार्डाले हळद लावलती काय?”

त्यांचा हात थांबला. त्यांनी आधी पोत्याकडे पाहिलं, मग गोठ्याकडे. लेकीकडे पाहणं टाळलं.

“पहाटं लावली. तू झोपेल व्हती,” ते म्हणाले. “समद्या सामानात तेच सोन्यावानी चमके. म्हटलं, यायच्यातलं मोठं हेच असन.” मग एकदम घाबरून त्यांनी विचारलं, “त्याच्यानं बिघडलं काय वं?”

“नाही बाबा. चांगलं चालून राह्यलं.”

“हाव?” ते मिरची हातात तशीच धरून बसले. “अन् मंग पुण्याले कधी जाऊन राह्यली?”

तिने फोन काढला आणि लिहून ठेवलेला मेसेज पुसून टाकला.

“नाही जात.”

उत्तमराव मिरच्या भराभर निवडू लागले, चांगल्याही आणि सडक्याही एकाच पोत्यात. संजीवनीचे डोळे भरून आले होते आणि तिला हसूही येत होतं. ती त्यांच्याजवळ बसली.

“पण बाबा, नुसती हळदच काऊन? कुंकू काऊन नाही लावलं?”

उत्तमराव मान खाली घालूनच म्हणाले,

“कुंकू लावलं असतं, तं तुले दिसलं असतं ना.”