हॅडलीमार्गे

जेनेलच्या खोलीत मोडेम किंचाळला आणि लोरीन पिठाच्या हातांनीच दाराशी जाऊन उभी राहिली. दिवे लुकलुकले. दुसऱ्या मोडेमने पुढचा नंबर फिरवला. मिलार्ड गावातलं कोणीतरी कॉर्बिन गावातल्या कोणाशी तरी कॉम्प्युटरवरून बोलू लागलं.

मिलार्डहून कॉर्बिनला थेट फोन लावला तर लांब पल्ल्याचं बिल यायचं. हॅडली मधोमध, इथे दोन्हीकडून फुकट लागायचा. म्हणून जेनेलने आपल्या खोलीत दोन फोन आणि दोन मोडेम बसवले होते. एकाने कॉल घ्यायचा, दुसऱ्याने पुढे द्यायचा. कॅन्ससच्या त्या कोपऱ्यातले सगळे कॉम्प्युटरवेडे तिच्या जिवावर गप्पा मारायचे. जानेवारीत बर्फावरून तिची गाडी घसरली. बावीस वर्षांची पोर गेली. मोडेम मात्र चालूच राहिले.

लोरीनने ते बंद केले नाहीत. आवाज झाला की तिला वाटे, पोरगी घरात आहे.

"बंद कर ते एकदाचं," तिचा नवरा व्हर्जिल म्हणायचा. "कानात शिसं ओतल्यासारखं होतं." मोडेम वाजला की तो ताटावरून उठून अंगणात जायचा. लेकीचं नावही काढायचा नाही. तिला मातीत ठेवलं त्या दिवशीसुद्धा त्याच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं. दगडाशी संसार केला मी, लोरीन मनाशी म्हणायची.

वसंतात टेलिफोन कंपनीने तिन्ही गावं एका हद्दीत घेतली. आता थेट फोनही फुकट.

"घ्या! माझ्या कॉर्बिनच्या बहिणीची कटकट आता फुकटात!" किराणा दुकानातली बर्था हसत म्हणाली. लोरीन पाव न घेताच घरी आली.

खोली गप्प झाली. फक्त दुपारी एक कॉल यायचा. मोडेम तो घ्यायचा, किंचाळायचा, पण पलीकडून कोणी जोडलंच जात नसे. थोड्या वेळाने तो आपणच फोन ठेवून द्यायचा. कुणा बापड्याला अजून कळलेलं दिसत नाही, असं लोरीनला वाटे. आणि रोज ती त्या बापड्याची वाट बघत बसे.

एके दिवशी व्हर्जिल जेवणाचा डबा घरीच विसरला. लोरीन तो घेऊन त्याच्या कामावर, धान्याच्या कोठारावर गेली. ऑफिसचं दार अर्धवट उघडं होतं. आत दुसरं कोणी नव्हतं. व्हर्जिल पाठमोरा बसला होता, फोन दोन्ही हातांनी कानाशी दाबून. त्याचे खांदे गदगदत होते. फोनमधून येणारा आवाज दारापर्यंत ऐकू येत होता. लोरीनने तो लगेच ओळखला. तिच्याच घरातला, जेनेलच्या खोलीतला.

"आज निघू नकोस गं, पोरी," त्या किंचाळण्यातच तो सांगत होता. "रस्त्यावर बर्फ आहे. तिथेच थांब. मी येतो न्यायला."