दोनशे तीन विरुद्ध दोनशे तीन

चर्चच्या तळघरात साठ खुर्च्या मांडल्या होत्या आणि अकरा माणसं आली होती. सायमानं मांस-बटाटा भरलेल्या पास्ट्यांवरचं फडकं पुन्हा एकदा नीट केलं. कॉफी निवत चालली होती. सव्वीस वर्षं वॉशिंग्टनला पोर्ट अल्माचे खासदार असलेल्या अर्वो लेहतोलांना, तिच्या वडिलांना, तासाभरापूर्वी मूठमाती दिली होती.

वर्तमानपत्रानं चार ओळींत उरकलं होतं. विधेयकं मांडली एकशे बारा. दीपगृहाच्या डागडुजीचं, सरोवरातल्या माशांचं, कसकसली. कायदा एकाचाही झाला नाही. सव्वीस वर्षांत मतदानाला गैरहजर फक्त नऊ वेळा. सायमा तेरा वर्षांची असताना तिची आई गेली, तो दिवस त्या नवांत नव्हता. ते संध्याकाळच्या विमानानं आले, तोवर इस्पितळातल्या खाटेवरची चादर बदललेली होती.

चौथी ओळ गावाला तोंडपाठ होती. खाणकामगारांच्या भरपाईचं विधेयक त्यांनी स्वतःच मांडलं होतं, आणि त्यावर त्यांचं मत होतं ‘हजर’.

होही नाही आणि नाहीही नाही. नुसतं हजर. बाकीची मतं दोनशे तीन विरुद्ध दोनशे तीन. समसमान मतं झाली की विधेयक पडतं. तांब्याच्या खाणीत दगडाची धूळ छातीत भरून घेतलेल्या माणसांना त्या दिवशी एक मत कमी पडलं, आणि ते त्यांच्याच माणसाचं होतं. सायमा तेव्हा चौदा वर्षांची होती. वर्गात हजेरी घेताना तिचं नाव आलं, की तिच्याआधी मागच्या बाकावरून कुणीतरी ‘हजर’ म्हणायचं आणि सगळा वर्ग हसायचा. एकोणिसाव्या वर्षी तिनं वडिलांना विचारलं, का केलंत तसं? त्या दिवशी तेच करणं भाग होतं, एवढंच ते म्हणाले आणि फावडं घेऊन दारातलं बर्फ काढायला गेले. त्यानंतर ती गावात राहिली नाही. पत्रं यायची-जायची, ती हवापाण्याची.

पुढच्या रांगेत लेम्पी बसली होती. तिचा नवरा त्याच धुळीनं खोकत खोकत गेला होता. शेजारी म्हणून आलेय, दुसरं काही नाही, असं तिनं आल्या आल्या सांगून टाकलं होतं. पास्टीचा तुकडा मोडताना ती म्हणाली, “तुझा बाप वाईट नव्हता गं. त्याचं बोट तेवढं दुबळं होतं. बटण दाबायच्या वेळी दाबलं गेलं नाही.”

सायमाचंही मत तेच होतं.

तेवढ्यात दार उघडून एक म्हातारा काठी टेकत आत आला. अंगातला सूट इथल्या थंडीला अगदीच पातळ होता. वेंडेल स्ट्राउड, त्यानं नाव सांगितलं. टेनेसीचा, विरोधी पक्षाचा जुना खासदार. दोन विमानं बदलून आला होता. तो बसला, आणि कॉफीला हात न लावता बोलू लागला. त्याची बायको डेला या वसंतात गेली होती. म्हणून आता सांगता येत होतं.

चौतीस वर्षांपूर्वी, त्या विधेयकाच्या दिवशी सकाळी त्याला घरून फोन आला. डेलानं झोपेच्या गोळ्यांची अख्खी बाटली रिकामी केली होती. त्याच्या पक्षाचे पुढारी त्याला सोडेनात. त्यांना विधेयक पाडायचं होतं आणि एकेक मत मोजलेलं होतं. तो सभागृहाच्या दाराशी रडत उभा होता. अर्वो तिथून चालले होते, ते थांबले.

“आमच्या पुढाऱ्यांना म्हणाला, याला जाऊ द्या. तुमचं एक कमी होतंय ना, मग माझंही एक कमी धरा.”

सभागृहातली जुनी रीत होती ती. अडचणीत सापडलेल्या विरोधकासाठी आपलं मत मागं घ्यायचं आणि नुसतं ‘हजर’ म्हणायचं. कागद नाही, सही नाही. फक्त, ज्याच्यासाठी ते केलं त्याचं नाव उठून सांगायचं असतं. स्ट्राउडनं गयावया केली होती, नाव घेऊ नकोस, डेलाला तोंड दाखवायला जागा उरणार नाही. अर्वोंनी नाव घेतलं नाही. त्या दिवशी नाही, आणि पुढं कधीच नाही.

लेम्पीनं हातातली पास्टी खाली ठेवली. सायमाला वाटलं, उठावं आणि त्या रिकाम्या खुर्च्यांना हे मोठ्यानं सांगावं.

“अजून संपलं नाही, पोरी,” स्ट्राउड म्हणाला. “मी त्या दिवशी ‘हो’ म्हणणार होतो.”

खाणकामगारांच्या बायकांची पत्रं त्यानं आठवडाभर वाचली होती आणि मनाशी ठरवलं होतं. पण कुणाला सांगितलं नव्हतं. दाराशी तेवढं एक वाक्य बोलला असता, तर पुढाऱ्यांनी त्याला स्वतः गाडीत बसवून पाठवलं असतं. अर्वोंना मत मागं घ्यावं लागलं नसतं. विधेयक एका मतानं पास झालं असतं. मग पक्षानं मात्र पुढच्या निवडणुकीला त्याला उभं केलं नसतं. तो गप्प राहिला.

“अर्वोला हे ठाऊक होतं?” लेम्पीनं विचारलं.

“त्याच संध्याकाळी इस्पितळातून फोन केला मी त्याला. सगळं सांगितलं. म्हटलं, अर्वो, तुझं विधेयक मी पाडलं.”

“काय म्हणाले ते?” सायमानं विचारलं.

“मला वाटलं, आता फोन आपटणार. तर म्हणाला, ते राहू दे. तू वेळेत पोचलास ना?”